माझा हात दुरुस्त करू नका

माझ्या डाव्या हाताला अंगठा आहे आणि करंगळी आहे. मधल्या तीन बोटांच्या जागी वाटाण्याएवढे तीन गोळे आहेत. त्यातल्या एकावर इवलंसं नख आहे आणि ते मी नेमाने कापते. हात जन्मापासून असाच आहे. तो कुठल्या यंत्रात सापडला नाही, भाजला नाही, कुणी छाटला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण दिल्लीत द्वारकेहून मेट्रोत शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा करोल बाग येईपर्यंत माझ्याकडून एखादा अपघात ऐकायचा असतो.

माझं लहानपण गाझियाबादला गेलं. वडील तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. आमच्या घरात माझ्या हाताबद्दल कुणी वाईट बोलायचं नाही, कारण मुळात कुणी बोलायचंच नाही. फोटो काढायची वेळ आली की मात्र सगळ्यांना हात आठवायचा. स्टुडिओतला फोटोवाला “बेबी, हाथ पीछे” म्हणायचा आणि आई पुढे होऊन माझी ओढणी सारखी करायची. शाळेच्या ग्रुप फोटोत मला उंच मुलीच्या मागे उभं करायचे. माझ्या लहानपणीच्या एकाही फोटोत तो हात नाही. अनोळखी माणसाने आमचा अल्बम चाळला तर त्याला वाटेल, या मुलीला सतत पाठीला खाज सुटत असावी.

मला बघायला आले तेव्हा आईने सांगितलं, “पदर डाव्या हातावर घे आणि कपबशी उजव्या हाताने दे.” मी ट्रे दोन्ही हातांनी धरून बाहेर आणला. आई दारातच थबकली. मी मुलासमोर उभी राहिले. त्याने हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “जड आहे का?”

“आहे,” मी म्हटलं. “घ्या लवकर.”

त्याने ट्रे घेतला. तो माझा नवरा. त्याच्या आईला मान्य व्हायला थोडे दिवस लागले, पण ती वेगळी गोष्ट.

ही गोष्ट पुस्तकाची आहे.

द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या क्लब रूममध्ये दर रविवारी सकाळी मी मराठी मुलांचा वर्ग घेते. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून बरीच वर्षं घेते आहे. मुलं दिल्लीत जन्मलेली, घरी मराठी ऐकणारी, पण बोलताना “काकू, वो मला नाही येत यार” म्हणणारी. त्यांना आई-बाबा कळतात, भूक कळते, झोप कळते. पण ओटा म्हटलं की कळत नाही, तो त्यांचा स्लॅब असतो. उलथनं, झारा, फडताळ, परात हे शब्द त्यांच्या घरातून वस्तूंच्या आधी गेले. एकदा मी सांडशी म्हटलं तर अख्खा वर्ग संडास ऐकून जमिनीवर लोळला. त्या दिवशी मी ठरवलं की यांच्यासाठी स्वयंपाकघराचं चित्रांचं पुस्तक करायचं. गोष्ट साधी होती. दिवाळीच्या आधीच्या रविवारी एक मुलगी बाबांबरोबर करंज्या करते. पानागणिक एक शब्द येतो. शेवटी करंज्या तळून होतात आणि बाबा पहिली करंजी स्वतः खातात, कारण ती फुटलेली असते.

त्या मुलीचा डावा हात माझ्यासारखा असणार होता. का, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. तेव्हा माझ्या मनात काही मोठं नव्हतं. करंजी करणारी मुलगी म्हटल्यावर मला माझेच हात दिसत होते. करंजी मी डाव्या हाताच्या खोबणीत, अंगठा आणि करंगळीच्या मध्ये ठेवते आणि उजव्या हाताने मुरड घालते. ती तिथे अगदी मापात बसते. पाच बोटंवाल्या माझ्या जावेची करंजी हातातून निसटते, माझी नाही निसटत.

आमच्या मराठी मंडळाच्या सचिवांनी पुस्तक छापायची तयारी दाखवली. चित्रकार मात्र मिळेना. तेव्हा कॉलेजला सुट्टी लागून घरी आलेली माझी मुलगी म्हणाली, “आई, एआयने कर. वर्णन लिहायचं, चित्र येतं. बिल्कुल सोपं आहे.”

मी बसले आणि मराठीतच लिहिलं, कारण पुस्तक मराठीचं होतं. “मुलगी कातण्याने करंजी कापते आहे.” चित्रात मुलगी चरख्यावर सूत कातत होती. “झाऱ्याने करंजी तळते आहे.” मुलगी हातात झारी घेऊन कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत होती. करंजीच्या जागी कधी समोसा यायचा, कधी मोमो. एकदा तर बांबूच्या टोपलीत वाफाळणारे मोमो आले, बाजूला लाल चटणीसकट. “मराठी मुलगी” असं लिहिलं की नथ, नऊवारी, चंद्रकोर आणि मागे किल्ला. फॅन्सी ड्रेसच्या स्पर्धेला निघाल्यासारखी. आमच्या घरी कुणी नथ घालून करंज्या तळत नाही. तळल्या तर नथीवर तेल उडेल.

“आई, तू त्याच्याशी भांडतेयस,” मुलगी म्हणाली. “त्याला शब्द माहीत नसेल तर वस्तू सांग. कशी दिसते ते सांग.”

“म्हणजे दुसरी-तिसरीच्या पोरांना सांगते तसं?”

“तसंच.”

ते मला जमत होतं, वर्षानुवर्षं तेच करत होते. मग मी लिहायला लागले: पितळी दांड्याचं, पुढे दातेरी चाक असलेलं छोटं हत्यार. तळलेली, बदामी रंगाची, अर्ध्या चंद्राच्या आकाराची, कडेला दोरीसारखा पीळ असलेली, कोरडी, वाफ नसलेली. दिल्लीतल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर, काळ्या दगडाचा ओटा, खिडकीत कूलरची मागची बाजू. करंजी आली तेव्हा मी टाळी वाजवली. माझी टाळी जरा वेगळी वाजते, पण वाजते.

मग चित्रातल्या मुलीचा चेहरा दर पानाला बदलायला लागला. पहिल्या पानावर गोल, दुसऱ्यावर लांब, तिसऱ्यावर ती एकदम मोठी होऊन कॉलेजात गेल्यासारखी. त्यावर उपाय असा निघाला की आधी तिचं एकच नीट चित्र करून घ्यायचं आणि पुढच्या प्रत्येक वेळी ते चित्र सोबत द्यायचं. शिवाय तिचं वर्णन शब्दही न बदलता तेच ठेवायचं. निळा स्वेटर, दोन वेण्या, लाल रिबिनी, पुढचा एक दात पडलेला. पाठांतर करावं तसं. चित्रात मराठी अक्षरं काढायला सांगितली तर देवनागरीसारखं दिसणारं पण कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी यायचं. तो नाद मी सोडला. शब्दासाठी जागा रिकामी ठेवायला सांगायची आणि अक्षरं मागाहून आपण बसवायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हेही शिकले. आधी मी “परात मोठी कर, बाबांना चष्मा लाव आणि खिडकीतलं ऊन कमी कर” असं एका दमात सांगायचे. मग परातीला चष्मा लागायचा तेवढा बाकी राहायचा.

हे सगळं सुटत गेलं. हात सुटेना.

सगळं जग तक्रार करतं की हे यंत्र सहा बोटं काढतं, सात काढतं. ऑफिसात लोक तसली चित्रं एकमेकांना पाठवून हसतात. माझी अडचण उलटी होती. मला पाच नको होती आणि ते पाच देत होतं, गोरी, निमुळती, गुलाबी नखांची. मी लिहिलं, “डाव्या हाताची मधली तीन बोटं नाहीत.” पाच आली. “बोटं नाहीत” हे ठळक करून दोनदा लिहिलं. सहा आली. “अपंग मुलगी” असं लिहिलं, तेव्हा करंजीवाली मुलगी व्हीलचेअरमध्ये बसली. चेहरा उतरलेला, डोळ्यांत पाणी, मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवलेला. तिच्या पायांना काय झालं होतं? आणि ती रडत का होती? तिच्यासमोर परातभर सारण होतं! मी परत लिहिलं. या वेळी हाताला बँडेज आलं.

शेवटी चिडून मी लिहिलं, “तीन बोटं तुटलेला हात.” तेव्हा यंत्राने चित्रच काढलं नाही. असलं चित्र आमच्या सुरक्षेच्या नियमांत बसत नाही, हिंसक आहे, अशा अर्थाचं वाक्य पडद्यावर आलं. सभ्य भाषेत, शेवटी मदतीची तयारी दाखवून.

मी खुर्चीत मागे टेकले. शाळेत पोरांनी ठेवलेली नावं मी ऐकली होती, बसमध्ये तिकीट देताना कंडक्टरने आखडून घेतलेला हात पाहिला होता. पण माझ्या हाताला हिंसक आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ज्या हाताने मी मुलीला न्हाऊ घातलं, तो.

मुलगी मागे उभी राहून वाचत होती. तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. “जाऊ दे ना आई,” ती म्हणाली. “एक ट्रिक आहे. हात बिघडत असले की सगळे तेच करतात. हात दाखवायचेच नाहीत. परातीच्या मागे ठेव, नाहीतर स्वेटरच्या बाहीत. कुणाला कळणार पण नाही.”

ती मायेने बोलत होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

“नाही,” मी म्हटलं.

“अगं, फक्त दोन-तीन पानांवर...”

“एकाही पानावर नाही. परातीच्या मागे नाही, बाहीत नाही, ओढणीखाली नाही. हात दिसणार नसेल तर मला पुस्तकच नको.”

माझा आवाज चढला होता. ती दचकली आणि आत निघून गेली. मला वाटलं, दुखावली. मी तशीच पडद्यासमोर बसून राहिले आणि त्या सभ्य वाक्याकडे बघत राहिले. मग तिच्या पावलांचा आवाज आला. तिच्या हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात कणकेचा गोळा.

“बाल्कनीत चल,” ती म्हणाली. “उजेड चांगला आहे. हात दे.”

“कशाला?”

“त्याने असा हात कधी पाहिलाच नसेल तर काढणार कसा? आपण दाखवू.”

ऑक्टोबरातली दुपार होती. समोरच्या इमारतीवर गाद्या वाळत घातल्या होत्या. मुलीने मला स्टुलावर बसवलं आणि माझ्या डाव्या हाताचे फोटो काढायला लागली. हात उताणा, हात पालथा. कणकेचा गोळा धरलेला हात. वाटी धरलेला, लाटण्याचं एक टोक दाबलेला, करंजी तोललेला. सुरुवातीला माझा हात आपोआप वळत होता, सवयीने, अंगाकडे. तिने तो धरून परत उजेडात आणला. “आई, आवळू नको. सैल सोड.” मी सैल सोडला. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा माझ्या हाताचा फोटो निघत होता आणि कुणी “पीछे” म्हणत नव्हतं. शेजारच्या बाल्कनीतल्या आंटी कपडे काढता काढता थांबून बघत होत्या. मी हात आणखी वर केला. बघा म्हटलं, नीट बघा.

“नखाचा क्लोजअप घेते,” मुलगी म्हणाली.

“घे. कालच कापलंय.”

त्यानंतर आम्ही दोघी कामाला लागलो. मुलीने मला एक गोष्ट समजावली: यंत्राला ‘नाही’ नीट कळत नाही. ‘मांजर नको’ म्हटलं की आधी मांजर येऊन बसतं. म्हणून काय नाही ते सांगायचंच नाही, काय आहे ते सांगायचं. मी बोटं नाहीत, तुटली आहेत, कमी आहेत, हे सगळे शब्द खोडले आणि जे आहे ते लिहिलं: डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी; त्यांच्या मध्ये वाटाण्याएवढे तीन गुळगुळीत गोळे; मधल्या गोळ्यावर छोटं नख; त्वचा निरोगी, हात सहज वापरात. लिहिता लिहिता मी थांबले. स्वतःच्या हाताचं असं वर्णन मी कधी केलंच नव्हतं. डॉक्टरांनी केलं, नातेवाइकांनी केलं. सगळ्यांनी काय नाही तेच सांगितलं. मीसुद्धा.

सोबत फोटो दिले. सगळं चित्र नव्याने काढायला सांगायचं नाही, फक्त हाताभोवती रेघ मारायची आणि तेवढाच तुकडा बदलायला सांगायचं. म्हणजे चेहरा, परात, बाबा, सगळं जागच्या जागी राहतं. पहिल्या प्रयत्नात हात आला, पण गोळे गायब, तिथे गुळगुळीत मोजा घातल्यासारखं. दुसऱ्यात गोळे आले, तर करंगळी सरळ लांब होऊन तर्जनीसारखी झाली. एकदा हात अगदी बरोबर आला, पण मुलीच्या उजव्या बाजूला. आमचं ‘डावा’ म्हणजे चित्रातल्या मुलीचा डावा, त्याचं ‘डावा’ म्हणजे बघणाऱ्याचा. मग “चित्र बघणाऱ्याच्या उजव्या बाजूचा हात” असं लिहायला लागलो. एका पानावर ते ऐकेचना. तिथे मुलीने माझ्या हाताचा फोटोच कापून बसवला, त्यावर चित्राचा रंग चढवला आणि सावली खाली पाडली, कारण सावली नसली की हात हवेत तरंगतो. नख मात्र सारखं सुटायचं. नवरा म्हणाला, “एवढंसं नख, कोण बघतंय?” मी म्हटलं, “मी बघतेय.” नख आलं तेव्हा आम्ही तिघांनी चहा केला.

चित्रं मंडळाच्या बैठकीत ठेवली. सचिव निवृत्त अधिकारी, माणूस चांगला. वर्गासाठी क्लब रूम त्यांनीच भांडून मिळवून दिली होती. त्यांनी चित्रं एकेक करून पाहिली, करंज्यांचं कौतुक केलं, बाबांना अॅप्रन घातल्याबद्दल हसले. मग चष्मा पुसला.

“वहिनी, एक सुचवू का? रागावू नका. हा हात...”

“हो?”

“लोकांना वाटेल, एआयची चूक राहून गेली. आजकाल सगळे बोटंच मोजतात. मंडळाचं हसं होईल.”

हे मला सुचलंच नव्हतं. मी माझा हात टेबलावर ठेवला. इतकी वर्षं तो त्यांच्यासमोर हजेरी घेत होता, खडू धरत होता, त्यांच्याकडून तिळगूळ घेत होता. “ही पण राहून गेलेली चूक आहे का?”

“तसं नाही म्हणत हो मी.” ते खरोखर गोरेमोरे झाले. बाजूला बसलेल्या कार्यकारिणीतल्या बाई मदतीला धावल्या. “ताई, मग पहिल्या पानावर एक ओळ टाकू या ना? ही मुलगी दिव्यांग आहे, तरीही ती हिमतीने करंज्या करते. प्रेरणादायी होईल.”

“करंज्यांना हिंमत लागत नाही,” मी म्हटलं. “तूप लागतं. पुस्तक करंज्यांचं आहे आणि त्यात करंज्याच राहतील. बाबांना चष्मा आहे, त्याची कुठे ओळ टाकलीय?”

सचिव कागदाची चळत नीट करत राहिले. शेवटी ते म्हणाले, “लोकांनी विचारलं तर?”

“माझ्याकडे पाठवा.”

“ठीक आहे. तुमची जबाबदारी.”

“माझीच आहे.”

पुस्तक करोल बागेतल्या एका छापखान्यात गेलं, गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. काही दिवसांनी छपाईआधीची प्रत फोनवर तपासायला आली. मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत उघडली. अक्षरं नीट, रंग छान. चौथ्या पानावर थांबले. मुलीच्या डाव्या हाताला पाच बोटं होती. पाचव्या पानावर पाच. सातव्यावर पाच. एकाही पानावर चूक नाही, सगळीकडे पाच, सगळीकडे गुलाबी नखं.

मी साहेबांना सांगून निघाले आणि थेट करोल बाग गाठलं.

संगणकावर बसणारा ऑपरेटर माझ्याच वयाचा होता. मी फोन पुढे केला. तो खूश झाला. “हाँ मैडम, देखा आपने? एआई की कॉमन मिस्टेक है, उँगलियाँ गड़बड़ कर देता है। आपके सारे पेज में थी। मैंने सब ठीक कर दीं।”

“किसने बोला था ठीक करने को?”

“किसी ने नहीं, मैडम। मैंने सोचा, छप जाएगी तो बदनामी होगी। पूरा दिन लगा।”

म्हणजे सचिव बरोबर होते. पहिल्याच माणसाने चूक समजून पुसून टाकलं होतं. सबंध वाटभर मी त्याच्यासाठी कडक वाक्यं जुळवत आले होते, ती मला आठवेनात. मी पर्स खांद्यावरून काढली आणि डावा हात त्याच्या कीबोर्डशेजारी ठेवला.

“तो यह भी ठीक कर दीजिए,” मी म्हटलं.

त्याने हाताकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

“सॉरी, मैडम। मुझे लगा मशीन ने...”

“मशीन को मैंने बड़ी मुश्किल से सिखाया है,” मी म्हटलं. “मेरी बेटी ने और मैंने। आपने एक दिन में सब मिटा दिया। पुरानी फाइल लगाइए। मैं यहीं बैठी हूँ।”

त्याने जुनी फाइल उघडली. एकेक पान बदलताना तो थांबायचा आणि विचारायचा, “यह सही है?” मी माझा हात पडद्याजवळ धरायचे. तो दोन्हीकडे बघून मान हलवायचा. एका पानावर तो स्वतःच म्हणाला, “इसमें नाखून थोड़ा हल्का छपेगा, डार्क कर दूँ?”

“कर दीजिए,” मी म्हटलं. सगळी पानं परत लागेपर्यंत मी उठले नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पुस्तकं वर्गात आली. समितीपुढे भांडणं वेगळं, सात वर्षांच्या पोरांच्या हातात पुस्तक देणं वेगळं. मुलांनी पुस्तकं ओढून घेतली. एका मुलीने चौथं पान उघडून माझ्या हाताशी लावलं.

“काकू, ही तुम्ही आहात?”

“नाही. तिला दोन वेण्या आहेत. मला कुठे आहेत?”

“पण हात तुमचा आहे.”

“हात माझ्यासारखा आहे.”

तिने माझ्या मधल्या गोळ्यावर बोट ठेवलं. इतकी वर्षं कुठल्या मुलाने असं केलं नव्हतं; त्यांच्या आया त्यांना घरूनच गप्प करून पाठवायच्या. “दुखतं?”

“नाही.”

“गुदगुल्या होतात?”

“थोड्या.”

मग सगळ्यांनाच गुदगुल्या करायच्या होत्या. रांग लागली. झारा, परात, कातणं हे शब्द त्या दिवशी मागेच राहिले. पुढच्या रविवारी घेतले.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. एका मुलाच्या आईचा फोन आला. आवाज अगदी मृदू. सणासुदीच्या दिवसांत मुलांपुढे असं चित्र बरं दिसत नाही, तेवढी पानं बदलून मिळतील का? मी म्हटलं, नाही मिळणार. त्या म्हणाल्या, मग आम्ही पुस्तक ठेवणार नाही. मी म्हटलं, नका ठेवू. त्यांचा मुलगा वर्गाला यायचा थांबला. हुशार मुलगा होता, उलथनं हा शब्द त्यानेच सगळ्यांत आधी उचलला होता. त्याचं मला वाईट वाटतं. पण हात झाकून मी त्याला परत आणणार नाही.

सचिव काही दिवसांनी क्लब रूममध्ये आले. नोएडाच्या मंडळानेही पुस्तकं मागितली होती. ते आनंदात होते, पण कपाळावर आठी होती. मला वाटलं, पुन्हा तेच.

“वहिनी, पुन्हा छापायचं तर एक चूक दुरुस्त करावी लागेल,” ते म्हणाले. “मुलांनी शोधलीय. माझ्या नातवाने मला दाखवली.”

“कुठली चूक?”

त्यांनी नववं पान उघडून माझ्यापुढे धरलं. मी वाकून पाहिलं. मुलगी, मी, नवरा, समिती, ऑपरेटर, सगळे त्या पानावर दिवसचे दिवस हातच बघत राहिलो होतो. बाबांच्या पायात दोन्ही चपला डाव्या पायाच्या होत्या.

नव्या छपाईत आम्ही चपला बदलल्या. बाकी काही नाही.